न वाजलेली खिरापत

जठारपेठ, अकोला
२० सप्टेंबर २००६

ती. आईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

इकडे सगळे बरे आहोत. तू आणि किशोर कसे आहात ते कळव. तू विचारतेस की फोन का करत नाहीस. अगं, आत्याकडचा फोन बैठकीत आहे, केशवकाकांच्या खुर्चीला चिकटून. त्यावर जेवलीस का आणि पाऊस आला का, एवढंच बोलता येतं. म्हणून पत्र. तुला वेळ नसतो हे माहीत आहे, चहा उकळेपर्यंत एक पान वाच, उरलेलं उद्या.

भुलाबाई बसल्या. नववीत जाऊनही खेळतो म्हणून आत्या आम्हाला घोड्या म्हणते, पण आज खिरापत काय होती हे रोज आधी तीच विचारते. वर्गातल्या आम्ही पंधरा जणी आहोत. रोज एकीच्या घरी. आपल्या गावासारखंच, गाणी झाली की त्या घरची आई झाकलेला डबा हलवून दाखवते आणि आत काय आहे ते आम्ही ओळखायचं. ओळखण्यात उज्माचा हात कुणी धरत नाही. वाहेदचाचांचं गाद्यांचं दुकान आहे ना कोपऱ्यावर, त्यांची ही मुलगी. डोळे मिटून डब्याचा आवाज ऐकते आणि सांगते. तिच्यामुळे आम्ही अजून एकाही घरी हरलो नाही.

कोजागिरीचा शेवटचा दिवस आत्याकडे ठरला आहे. आत्याचे पाय जमिनीवर नाहीत. तिने दुधासाठी मोठं पातेलं काढून घासून ठेवलं आहे. भुलाबाईच्या खोप्यासाठी ज्वारीचे पाच धांडे तू पाठवावेस असा निरोप आहे. एसटीने पाठव.

आता खरं काय ते लिहिते. जूनमध्ये माझ्या बाकावर रेणुका आली, बार्शीटाकळीकडची. तिची आई माणिकबाई एका वसतिगृहात पोळ्या लाटते. पहिल्याच दिवशी बाईंनी वडील काय करतात म्हणून विचारलं, तर ती उभी राहून म्हणाली की माह्या बापानं मागच्या साली जीव देल्ला. सगळा वर्ग वळून तिच्याकडे बघू लागला. पुढचा नंबर माझा होता. मी आत्याने पढवलेलं सांगितलं, की बाबांना शेतात पान लागलं, साप चावला. पेपरात बाबांचं नाव आलं होतं ते अमरावतीच्या पानावर, इथे ते कुणी वाचलेलं नाही. तेव्हापासून मी इथे साप चावलेल्या माणसाची मुलगी आहे, आणि रोज रेणुकाच्या शेजारी बसते.

पुढच्या आठवड्यात गुरुवारी रेणुकाकडची पाळी आहे. आमच्यातल्या मृणालच्या आईने सांगितलं की असल्या घरी भुलाबाई नेऊ नये आणि तिथलं खाऊही नये. मग बाकीच्यांच्या आयांनाही तेच सुचलं. मुलींनी ठरवलं आहे की रेणुकाला सांगायचं, शुक्रवारी चाचणी आहे म्हणून गुरुवारी कोणाकडेच भुलाबाई नाही. मग सगळ्यांनी गुपचूप मृणालकडे जमायचं. भुलाबाईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. मी मागे उभी होते तर मृणालने माझा हात धरून नेऊन ठेवला. आणि रेणुकाला सांगायचं काम माझ्याकडे दिलं, कारण ती माझ्या बाकावर बसते.

मला हे करायचं नाही आई. पण नाही म्हटलं तर तुला का एवढा पुळका, असं विचारतील. मग मला खरं सांगावं लागेल आणि कोजागिरीला आत्याकडेही कोणी फिरकणार नाही. सांगितलं नाही तर मी कोण झाले? मला जेवण जात नाही. काय करू ते लवकर कळव.

किशोरला माझी आठवण दे. तू माझ्यावर करतेस तेवढी माया आणखी थोडी पाठव, या आठवड्यात लागणार आहे.

तुझी,
दामिनी


नांदगाव खंडेश्वर
२४ सप्टेंबर

चि. दामिनीस,
आईचे अ. आ.

तुझं पत्र मिळालं. चहा उतू गेला, पण पत्र पुरं वाचलं.

इकडे कपाशीला बोंडं धरली, पण खालची पावसाने सडली. सोयाबीन पिवळं पडलं. निंदायला बाया मिळत नाहीत, मिळाल्या तर ऊन चढल्यावर येतात. मी सकाळी जाते आणि दिवेलागणीला येते, मध्ये दिवस कुठे गेला ते कळत नाही. किशोर शाळेत बाकावर झोपला म्हणून गुरुजींनी बोलावलं होतं. त्याने गुरुजींना सांगितलं की माय झोपत नाही, मंग मी कसा झोपू. आता मी डोळे मिटून पडून राहते, त्याच्यासाठी.

तू लिहिलंस ते वाचून मला आधी राग आला आणि मग नुसता थकवा आला. बाई, तू गप राहा. आपण दुसऱ्याच्या घरी आहोत. दुर्गाताईंनी तुला स्वतःच्या लेकीसारखं ठेवलं आहे. त्यांनी जे सांगितलं ते तुझ्या भल्यासाठीच. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये.

इथे गावात तर सगळ्यांना सगळं माहीत आहे. त्याचं काय झालं ते ऐक. आधी पुढारी आले, फोटोला हार घालून स्वतःचे फोटो काढून गेले. नंतर कोणी येईना. उन्हाळ्यात शेजारी गंगूबाईच्या नातवाचं बारसं झालं. सगळ्या आळीला बोलावणं होतं. मला म्हणाली, तू मंग ये, मांगून लेकराले पाहून जाय. मी मागूनही गेले नाही. अजून ते लेकरू मी पाहिलेलं नाही, भिंतीपलीकडून त्याचं रडणं ऐकते. हे असं तुझ्या वाट्याला येऊ नये, एवढंच मला वाटतं. त्या घटनेबद्दल मला आणखी काही लिहायला लावू नको.

रेणुकाला खोटं सांगू नको. पण खरंही सांगू नको. त्या दिवशी पोट दुखतं म्हण आणि घरी झोपून राहा. पोटदुखीत तू लहानपणापासून पटाईत आहेस, शनिवारच्या सकाळच्या शाळेला तुझं पोट कधी चुकलं नाही.

धांडे पाठवते. दरसाल तुझे बाबा बांधावरून निवडून आणायचे, सरळ आणि एका उंचीचे. मी यंदा भुलाबाई मांडली नाही. गाणार कोण?

ताईंच्या शब्दाबाहेर जाऊ नको. माया लेकीला वेगळी काय पाठवायची, ती तुझीच आहे.

तुझी आई,
आशा


जठारपेठ, अकोला
२९ सप्टेंबर

प्रिय आशास,
दुर्गाताईचे अ. आ. वि. वि.

तुझ्या नावाआधी अजून माझा हात सौ.कडे जातो. तो मागे घेतला की दुसरं काही लिहवत नाही, म्हणून नुसतंच आशा लिहिलं आहे.

तुझ्या लेकीने काल माझी अब्रू वेशीवर टांगली. मृणालच्या अंगणात सगळ्या पोरी भुलाबाईला जमल्या होत्या. मला वाटलं नेहमीप्रमाणेच. तेवढ्यात ती रेणुका फाटकात येऊन उभी राहिली आणि म्हणाली की तुमी सगळ्या अठी कावून, माय तिकडे वाट पाहून राहिली. मृणालने दामिनीला पुढे करून सांगितलं की हिनेच तुला निरोप द्यायचा होता, आता दे. तर आपल्या बाईसाहेबांनी साऱ्यांसमोर मोठ्याने सांगितलं, की चाचणीबिचणी काही नाही, तुह्या बापानं जीव देल्ला म्हणून ह्या येत नाहीत. आणि पुढे म्हणाली की माह्या बाबाले पान नव्हतं लागलं, त्यायनंही जीवच देल्ला, मंग मले कावून बसवता तुमच्यात. एवढं बोलून त्या पोरीचा हात धरून निघून गेली. इतके महिने आमच्यात राहून शुद्ध बोलायला शिकलेली पोर, नेमकी त्या घटकेला नांदगावचं बोलली.

मृणालची आई हे सगळं सांगायला रात्रीच्या जेवणाआधीच माझ्या दारात. तिचं म्हणणं, आम्ही त्यांना अंधारात ठेवलं. कोजागिरीला त्यांच्याकडचं कोणी येणार नाही, आणि त्या येणार नाहीत म्हणजे गल्लीतलंही कोणी येणार नाही. मी पातेलं पुन्हा माळ्यावर टाकलं.

आशा, तो साप मी आणला हे खरं. पण का आणला ते तुला तरी कळायला हवं. किसन माझ्या कडेवर वाढला. लोक त्याला भित्रा म्हणतील, बायकोपोरांना टाकून गेला म्हणतील, ते मला ऐकवणार नव्हतं. साप चावला म्हटलं की माणसं हळहळतात, किती भला होता म्हणतात. माझ्या भावाबद्दल कोणी भलं बोलावं म्हणून मी ते बोलले. आणि या पोरीचं उद्या लग्न व्हायचं आहे.

कालपासून ती माझ्याशी बोलत नाही. मीही बोलत नाही. केशवराव दोघींना पाळीपाळीने भाजी वाढतात आणि हवापाण्याच्या गप्पा मारतात. आयुष्यात त्यांना इतकं बोलताना मी पाहिलं नाही.

तू तिला चार शब्द लिही, नाहीतर येऊन घेऊन जा. नाही, घेऊन जा असं मी म्हणत नाही. ते शब्द खोडायचे होते, पण कागद खराब होईल.

राग गेला की लोभ उरतो, तो आहे असं समज.

दुर्गाताई


जठारपेठ, अकोला
३० सप्टेंबर

ती. आईस,
दामिनीचा शि. सा. न. वि. वि.

आत्याने तुला पत्र टाकलं हे मला माहीत आहे, कारण पाकीट डिंकाने चिकटवताना ते तिने जरा जास्तच जोरात दाबलं. माझंही वाच.

तू सांगितलेली पोटदुखी मी करणार होते. मंगळवारपासून शाळेत पोट धरून चाललेही. बुधवारी रेणुकाने डब्यातून ओव्याची पुडी काढून दिली. तिने घरी सांगितलं होतं की बाकावरच्या मैत्रिणीचं पोट दुखतं, तर तिच्या आईने ओवा भाजून मीठ घालून दिला. वर म्हणाली की गुरुवारपावतर बरी होय बाप्पा, माय दोन दिसापासून खिरापतीच्याच मागं लागून राहिली. मी तो ओवा तिच्यासमोर खाल्ला. आई, न दुखणाऱ्या पोटासाठी दुसऱ्याच्या आईने भाजलेला ओवा खाऊन बघ, मग कळेल. तरी मी तिला काहीच सांगितलं नाही. गुरुवारी मृणालकडे गेले आणि मुकाट्याने मागे उभी राहिले. म्हणजे मी काही बहादूर वगैरे नाही. ती फाटकात आली नसती तर मी गाणी म्हणून घरी आले असते.

पुढचं आत्याने लिहिलंच असेल. तिथून आम्ही थेट रेणुकाकडे गेलो.

रेणुकाकडे एकच खोली आहे. उपड्या घमेल्यावर भुलाबाई मांडली होती आणि सगळीकडे सतरंज्या, पंधरा जणींना पुरतील एवढ्या, शेजारपाजारहून मागून आणलेल्या. माणिकमावशींनी आमच्यामागे दाराकडे पाहिलं. मग आम्हाला पुढच्या सतरंजीवर बसवलं. आम्ही दोघी गायला बसलो, पण पहिल्याच गाण्याला अडखळलो. तेवढ्यात उज्मा धापा टाकत आली. म्हणाली की कान तं माह्यापाशी हाय, तुमी कसे ओळखसान. मला इतकं हसू आलं आणि मग रडू आलं.

तिघींनी सगळी गाणी म्हटली. मग मावशींनी डबा हलवला. आई, आवाजच आला नाही. त्यांनी पुन्हा हलवला, उज्माने कान लावला, नाक लावलं, डोळे मिटले. काहीच नाही. तिने दहा नावं घेतली, दहाही चुकली. शेवटी उज्मा म्हणाली की हारली मी. अख्ख्या महिन्यात पहिल्यांदा.

मावशींनी झाकण काढलं. आत शेंगदाण्याच्या वड्या होत्या, काठोकाठ, तळव्याने दाबून दाबून भरलेल्या. पंधरा जणींना पोटभर आणि वर प्रत्येकीच्या घरी न्यायला. हलायला जागाच नव्हती तर वाजणार कसा? आम्ही खूप खाल्ल्या. मी मध्येच एकदा डबा हलवून पाहिला, तरी तो वाजेना. तेव्हा मात्र मावशी पदर तोंडाला लावून चुलीकडे गेल्या.

निघताना त्यांनी आत्यासाठीही वड्या बांधून दिल्या. मी त्या ओट्यावर ठेवल्या. आत्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. सकाळी दोन कमी होत्या. केशवकाकांना दाढांमुळे शेंगदाणे चालत नाहीत.

शाळेत आता आम्हा तिघींशी कोणी बोलत नाही. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलींनी बाक पुढे ओढून घेतला. पाणी प्यायला गेले की नळ मोकळा होतो. वाईट वाटतं, फार वाटतं, उगाच नाही म्हणत नाही. पण एक सांगू? मला बाबांचा राग येतो आणि आठवणही येते, दोन्ही एकदमच. इतके दिवस कोणी विचारलं की आधी साप आठवावा लागायचा. आता नुसते बाबा आठवतात, धांडे निवडणारे.

तुझं ऐकलं नाही. रागावली असशील तर तसं लिही, पण लिही. न लिहिलेलं मला सोसत नाही.

तुझी,
दामिनी


नांदगाव खंडेश्वर
३ ऑक्टोबर

ती. दुर्गाताईंना,
आशाचा सा. न. वि. वि.

तुमचं आणि दामिनीचं पत्र एकाच दिवशी हातात पडलं. दोन्ही घेऊन बांधावर जाऊन बसले. बाया विचारत होत्या की काय झालं, मी सांगितलं की लेकीचं पत्र आहे. हे पत्र तुम्ही वाचल्यावर दामिनीलाही वाचायला द्या, वेगळं लिहायला अंगात त्राण नाही.

तुमच्यावर माझा राग नाही. तुम्ही तिला साप दिला आणि मी तिला पोटदुखी दिली. आपण दोघी एकाच माळेचे मणी. तुम्ही भावाला वाचवत होता आणि मी लेकीला. त्यात त्या दुसऱ्या पोरीचं काय होईल हे तुम्हाला सुचलं नाही, मलाही नाही. चौदा वर्षांच्या पोरीला सुचलं. तिला बोलू नका, ताई. तुम्हाला बोलणं भाग असेल तर मी येते तेव्हा मला बोला.

किसनरावांना पान लागलं नव्हतं. त्यांनी जीव दिला.

वर्ष होत आलं, हे मी कुठे लिहिलं नव्हतं, तोंडानेही म्हटलं नव्हतं. लिहिलं आणि हात थांबला. उठून गाईला पाणी दाखवून आले, मग पुन्हा बसले. तुमचा भाऊ भित्रा नव्हता. थकला होता. पण थकलेल्या माणसाने घरच्यांना सांगावं, मी त्यांच्या शेजारीच तर होते. त्यांनी सांगितलं नाही, याचा मला राग आहे आणि तो मरेपर्यंत राहील. आणि तरीही ते फार भले होते. हे दोन्ही मी आता कोणालाही सांगेन. भलं म्हणवून घ्यायला त्यांना साप लागत नाही, ताई.

काल दसऱ्याचं सोनं द्यायला मी आपण होऊन गंगूबाईच्या घरी गेले. ती दारातच उभी राहिली. मी तिच्या हातात आपट्याची पानं दिली आणि बाजेवरचं लेकरू उचलून घेतलं. तिने माझ्याकडून लेकरू काढून घेतलं नाही. गोरं आहे, नाक आजीवर गेलं आहे बिचाऱ्याचं.

कोजागिरीला शुक्रवारी सकाळच्या गाडीने मी आणि किशोर येतो. आधी पाठवलेले धांडे किडके निघाले असतील, घाईत कापले होते. आता दोन पेंढ्या निवडून आणते, एक तुमच्या खोप्याला आणि एक माणिकबाईंच्या. पातेलं माळ्यावरून काढा. माणिकबाईंना, रेणुकाला आणि उज्माला आमंत्रण द्यायला तुम्ही स्वतः जा, दामिनीला पाठवू नका. वड्या कशा झाल्या होत्या तेही सांगून या. गल्लीतलं कोणी आलं तर दूध आहे, नाही आलं तर केशवरावांना दोन पेले जास्त.

माझ्या नावाआधी काही लिहू नका, नुसतं आशा पुरे आहे. लोभ तुमचा होता म्हणून माझी पोर तुमच्याकडे उभी राहू शकली. तो तसाच ठेवा.

तुमची,
आशा

ता. क. खिरापत मी करून आणते. काय ते सांगणार नाही, उज्माची हार भरून निघाली पाहिजे. पंधरा येतील की तिघी, मला ठाऊक नाही. डबा काठोकाठ भरणार नाही. थोडी जागा ठेवते. या वेळी तो वाजला पाहिजे.